आठल्ये सरांनी मागे घेतलेले वाक्य

हा लेख मी आपण होऊन लिहीत नाही. प्रा. विनायक आठल्ये यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथाच्या प्रास्ताविकाचा मसुदा समितीचे चिटणीस श्री. मयेकर यांनी मला टंकलेखनातल्या चुका पाहण्यासाठी पाठवला. टंकलेखनाची एकही चूक नव्हती. पण त्यात एक वाक्य होते : ‘सरांच्या संगणकीय अहवालामुळे जुन्या गावभागातील तीनही सार्वजनिक विहिरी वाचल्या.’ हे खरे नाही. त्या अहवालामुळे विहिरी बुजणार होत्या. सरांनी भर सभेत उभे राहून त्यातले वाक्य मागे घेतले, म्हणून त्या वाचल्या. आणि तीन नव्हे, दोन वाचल्या.

मी मयेकरांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, गौरवग्रंथ आहे हो. त्यात चुका कशाला उगाळायच्या? लग्नात कोणी नवरदेवाचं नापासाचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतं का?”

मी म्हटले, “ती चूक काढून टाकलीत तर सरांनी काय केलं, ते सांगा.”

ते मग म्हणाले, “तुम्हीच लिहा.”

म्हणून लिहिते आहे. या लेखात मयेकरही येणार आहेत आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यांनी तो न कापता छापला असेल, तर तेवढे श्रेय त्यांना द्यावे.

सरांची माझी ओळख १९९८च्या दिवाळीनंतरची. रत्नागिरीत माझी टंकलेखन संस्था होती. जिना चढून वर गेले की दहा-बारा टंकलेखन यंत्रे आणि खिडकीशी दोन नवे संगणक. संगणकांना मी कोणाला हात लावू देत नसे. एका सकाळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ दोन जड पिशव्या घेऊन आले आणि त्यातली एक त्यांनी सरळ संगणकाच्या टेबलावर ठेवली.

“पिशवी खाली,” मी म्हटले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वर्गाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यासारखे दाराशी जाऊन उभे राहिले. हे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि गावातल्या निम्म्या बँक अधिकाऱ्यांना त्यांनी शिकवले आहे, हे मला नंतर कळले. त्यांनी ते कधी सांगितले नाही.

पिशव्यांत ठरावांच्या प्रती होत्या. आपल्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचे मागच्या चाळीस वर्षांचे ठराव. त्या नगरपालिकेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला लहान शहरांचा अभ्यास हवा होता : पाणी, कचरा, झाडे, रस्ते यांविषयी नगरपालिकांनी काय धोरण ठेवले, आणि त्या धोरणावर शहर पुढची पन्नास वर्षे टिकेल का. सरांचे जुने विद्यार्थी मयेकर यांनी ते काम सरांकडे आणले होते. इतर लोक अशा वेळी चार ठराव वाचतात आणि निबंध लिहितात. सरांना सगळे ठराव संगणकात घालायचे होते. मग कोणता शब्द कोणत्या वर्षी किती वेळा आला, कोणत्या शब्दाशेजारी आला, कधी वाढला, कधी नाहीसा झाला, हे यंत्राकडून शोधून घ्यायचे. त्यासाठीचा प्रोग्राम लिहायला ते निवृत्तीनंतर स्वतः शिकले होते.

“याला बाहेर टेक्स्ट मायनिंग म्हणतात,” ते म्हणाले. “मजकुराची खाण.”

“चिऱ्याच्या खाणीसारखी?”

“तशीच. फक्त चिरा कुठे लागेल ते आधी माहीत नसतं.”

“खणा. धूळ माझ्या मशीनवर नको.”

ते मोठ्याने हसले. काम सुरू झाले.

माझ्या संस्थेतल्या चार मुलींनी ते ठराव टाइप केले. त्यांतली नसीमा सर्वांत जलद आणि सर्वांत बोलकी. एकदा तिने विचारले, “सर, हे शाश्वत शहर म्हणजे काय ओ?”

“आपलं वापरून झाल्यावर पुढच्या माणसालाही उरतं, ते शाश्वत.”

“मग आमच्या घरची बिर्याणी शाश्वत नाय.”

मी तिला दटावणार होते, पण सरांनी वहीत काहीतरी टिपले. पुढे पुण्याच्या बैठकीत त्यांनी हे उदाहरण नसीमाच्या नावासह सांगितले, असे मयेकर म्हणतात.

सरांची शिस्त माझ्याइतकीच होती, फक्त आवाज खालचा. जुन्या ठरावात एखादे वाक्य खोडलेले असले, तर ते खोडले आहे अशी नोंद करून तेही टाइप करायचे, हा त्यांचा नियम. “सभेने काय गिळलं तेही कळायला हवं,” असे ते म्हणत. मुलींनी पान चुकवले तर ते पान स्वतः शेजारी बसून वाचून दाखवत. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मुलींची लघुलेखनाची परीक्षा तोंडावर होती आणि मजकूर सांगायला कोणी नव्हते. सर रोज येऊन बसले. मुलींची एकच तक्रार : “बाई, सर मध्येच थांबून अर्थ समजावतात, वेग बसत नाय.” सगळ्या पास झाल्या.

अहवाल २००१च्या अखेरीस पूर्ण झाला. मुखपृष्ठावर सरांच्या नावाच्या वर चार मुलींची नावे होती. प्राध्यापकाच्या नावाच्या वर टंकलेखिकांचे नाव मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही पाहिले नाही. नसीमाच्या वडिलांनी, ते कुवेतला होते, त्या पानाची प्रत मागवून घेतली.

अहवाल चांगला होता. नगरपालिका पाण्यावर उन्हाळ्यात बोलते आणि पाऊस पडला की विसरते, हे त्याने वर्षवार दाखवले. ‘कचरा’ हा शब्द जसा वाढतो तसा त्याच्या शेजारी ‘जागा’ हा शब्द वाढतो आणि ‘वर्गीकरण’ येतच नाही, हेही दाखवले. या गोष्टी आजही खऱ्या आहेत. पण अहवालाच्या मध्यावर एक वाक्य होते. ‘विहीर’ हा शब्द पूर्वी दर सभेत येई, तो गेल्या पंधरा वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला होता; त्याच्या जागी ‘नळ’ आणि ‘टँकर’ आले होते. त्यावरून सरांनी लिहिले : ‘सार्वजनिक विहिरींवरील नागरिकांचे अवलंबित्व संपुष्टात आल्याचे दिसते.’

बाकीचा अहवाल नगरपालिकेत कोणी उघडला की नाही, ठाऊक नाही. हे एक वाक्य मात्र बरोबर उचलले गेले. जुन्या गावभागातल्या तीन विहिरी बुजवून तिथे गाळे आणि गाड्यांसाठी जागा करायची, असा प्रस्ताव आला. प्रस्तावात ‘तज्ज्ञांच्या संगणकीय अभ्यासानुसार’ असे शब्द होते. हरकती ऐकण्यासाठी एप्रिलमध्ये सभा ठरली आणि तज्ज्ञ म्हणून सरांना बोलावणे आले.

सरांना आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. कोणाच्या अभ्यासावर एखादी नगरपालिका काही ठरवते, असे फार वेळा होत नाही.

सभेच्या आदल्या आठवड्यात ते भाषणाचा कागद टाइप करून घ्यायला संस्थेत आले, तेव्हा टंकलेखन यंत्रे दुरुस्त करणारा मेकॅनिक आला होता. मी त्याला नेहमीप्रमाणे बोट दाखवून सांगत होते : हे दोन नंबरचे अक्षर उडवते, पाच नंबरची पट्टी अडकते, नऊ नंबरचा रोलर गेला. सर ऐकत होते. मेकॅनिक गेल्यावर त्यांनी सहज विचारले, “चार नंबरचं यंत्र विकलंत का? गेल्या तीन-चार खेपांना त्याचा उल्लेख नाही तुमच्या तोंडी.”

“विकेन कशाला? मुली त्यावरच बसायला भांडतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच चालतं. बिघडत नाही, म्हणून त्याचं नाव निघत नाही.”

सर उठून चार नंबरच्या यंत्रापाशी गेले. त्यावर एक मुलगी टाइप करत होती, ती घाबरून थांबली. “चालू दे, चालू दे,” ते म्हणाले, आणि तिच्या मागे बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“बाई, तो कागद टाइप करू नका. उद्या सकाळची एसटी किती वाजता आहे?”

मीही त्यांच्याबरोबर गेले. कारण विचाराल तर, ते वाक्य माझ्या संस्थेत छापले गेले होते.

तीन विहिरींपैकी मोठी विहीर मोहल्ला आणि वाडी यांच्या मधल्या उतारावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि विहिरीवर बायकांची गर्दी होती. रहाट करकरत होता. सरांच्या खांद्याला पिशवी आणि हातात कागद पाहून एकीने दुसरीला सांगितले, “आले गं, मापं घ्यायला आले.”

“घ्या ओ घ्या, खोली पण मोजा,” दुसरी म्हणाली. “आत उतरा की. आम्ही दोर धरतो. सोडू की नको, ते मग ठरवू.”

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “घरात नळ नाही का?”

“हाय ना. टॉवेल वाळत घालायला बरा पडतो.”

“मग विहिरीबद्दल नगरपालिकेकडे कधी अर्ज का नाही केलात?”

“अर्ज?” सगळ्या जिला ‘हमीदा खाला’, म्हणजे मावशी, म्हणत होत्या त्या वयाने मोठ्या बाई कळशी कमरेवर घेत म्हणाल्या. “कोणाला करायचा, विहिरीला? ती न मागता देते.”

सरांनी मान हलवली. मग त्यांनी पोहरा मागून घेतला, स्वतः पाणी शेंदले, ओंजळीने प्याले. दुसऱ्या विहिरीवरही तसेच झाले. तिसरी, एसटी थांब्याजवळची, खरोखरच मेलेली होती. तिच्यात कचरा होता आणि वास येत होता. सरांनी ते तसेच टिपून घेतले. तीनही विहिरी चालू आहेत असे सांगता आले असते तर त्यांना सोपे गेले असते.

परतीच्या एसटीत ते एवढेच म्हणाले, “ज्याबद्दल तक्रार असते त्याचाच ठराव होतो. मी ठराव मोजले आणि गरज मोजली असं समजलो.”

पुढचे दिवस वाईट गेले. मयेकर संस्थेत आले. त्यांचे म्हणणे साधे होते. पुण्याची संस्था हेच काम आणखी दहा गावांत करणार होती आणि ते सरांकडेच येणार होते. अशा वेळी तज्ज्ञाने स्वतःच्या अहवालात चूक आहे असे सभेत सांगितले, तर सगळेच बुडणार.

“सर, सभेला जाऊच नका. ताप आहे सांगा. दुरुस्ती नंतर पत्राने पाठवू,” मयेकर म्हणाले.

“नंतर म्हणजे विहीर बुजल्यावर?”

“सर, ते बुजवणार असतील तर तुमच्या वाक्याशिवायही बुजवतील.”

“बुजवू देत. माझ्या वाक्याने नको.”

मयेकर माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना.”

मी म्हटले, “मी टायपिंग करते. मला मजकूर बदलायचा अधिकार नाही.”

सभा भरली तेव्हा दालन भरलेले होते. हरकत घ्यायला वाडीतली आणि मोहल्ल्यातली माणसे आली होती, पण त्यांच्या हातात कागद नव्हता. कागद नगरपालिकेच्या हातात होता आणि तो आमचा होता. अध्यक्ष अतिशय नम्र होते. त्यांनी सरांना पुढच्या खुर्चीत बसवले, चहा मागवला, ते वाक्य सभेला वाचून दाखवले आणि म्हणाले, “सर इथेच आहेत. सरांनी फक्त हो म्हणावं.”

सर उभे राहिले.

“हे वाक्य चुकीचं आहे. मी ते मागे घेतो.”

क्षणभर कोणाला कळलेच नाही. मग एकदम आवाज वाढला. एक सदस्य उठून म्हणाले, “सर, संगणक चुकतो का कधी?”

“संगणकाने बरोबर मोजलं. मुलींनी बरोबर टाइप केलं. मी चुकीचा अर्थ लावला. विहिरींबद्दल तुमच्याकडे कोणी आलं नाही, कारण त्या चालू आहेत. तीनपैकी दोन. मी परवा त्यांचं पाणी पिऊन आलोय. अहवाल लिहिण्याआधी जायला हवं होतं, ते नंतर गेलो.”

“म्हणजे इतके दिवस आम्हाला आकडे दाखवलेत ते काय होतं?” दुसरे सदस्य ओरडले. “तो संगणक बुडवा त्याच विहिरीत!”

“संगणक बाईंचा आहे. त्यांना विचारावं लागेल.”

लोक हसले. मी हसले नाही. कारण त्यानंतर अध्यक्षांनी जे विचारले, त्याचीच मला भीती होती. त्यांनी शांतपणे विचारले, “मग सर, तुमच्या अहवालातलं बाकीचं तरी आम्ही खरं का मानावं?”

मयेकर जमिनीकडे पाहत होते. सरांनी चाळीस वर्षे वर्गात ज्या आवाजात शिकवले असेल, त्याच आवाजात उत्तर दिले.

“मानू नका. एकेक पान घेऊन तपासा. मीही आता तेच करणार आहे. पण तपासून होईपर्यंत विहिरीत माती टाकू नका. माती परत काढता येत नाही. वाक्य मागे घेता येतं, ते मी घेतलंय.”

विषय तहकूब झाला. दोन विहिरींचा प्रस्ताव पुन्हा आला नाही. एसटी थांब्याजवळची विहीर पुढे बुजवली गेली आणि सरांनी त्याला विरोध केला नाही.

पुण्याचे काम गेले. तिथून दोन ओळींचे पत्र आले. रत्नागिरीतही काही दिवस लोक त्यांना रस्त्यात थांबवून “काय सर, विहीर मोजून झाली का?” असे विचारत. सर “अजून नाही” म्हणत आणि पुढे जात. एक गोष्ट मात्र त्यांनी लगेच केली. पहिल्या अहवालाच्या उरलेल्या प्रतींचे मुखपृष्ठ काढून त्यांनी नवे छापून घेतले. त्यावर फक्त त्यांचे नाव होते. नसीमा रडकुंडीला आली. “सर, आमचं नाव का काढलंत? आमचं काय चुकलं?”

“काही चुकलं नाही, म्हणूनच काढलं. या अहवालाला लोक नावं ठेवतील. ती माझ्या एकट्याच्या नावाला ठेवू देत.”

मग त्यांनी दोन वर्षे तो अहवाल नव्याने केला, कोणी सांगितलेले नसताना. पद्धत तीच, ठराव तेच. पण आता एक नवा नियम. ठरावांतून जो शब्द नाहीसा झाला असेल, त्याची वस्तू जागेवर जाऊन पाहायची. ती संपली आहे, की नीट चालली आहे, की लोकांनी बोलून कंटाळून सोडून दिले आहे? तिन्हींची चिन्हे कागदावर सारखीच दिसतात. मुली याला ‘सरांची पायपीट’ म्हणत. ‘होडी’ शब्द गेला होता, कारण खाडीवर पूल झाला. ती गोष्ट खरोखर संपली होती. ‘डास’ शब्द गेला होता, कारण फवारणी मागून मागून लोक थकले होते, डास होतेच. सर प्रत्येक ठिकाणी एसटीने आणि पायी गेले. सत्तरीला आलेल्या माणसाने कातळावरच्या उन्हात असे फिरू नये, हे मी त्यांना अनेकदा सुनावले. ते “बरं” म्हणत आणि दुसऱ्या दिवशी जात.

दुसऱ्या अहवालावर चारही मुलींची नावे पुन्हा वर आली. नसीमा आता दापोलीला स्वतःचा संगणक वर्ग चालवते. तिच्या वर्गात दोन्ही मुखपृष्ठे शेजारी शेजारी लावली आहेत, नावे नसलेलेही.

आज धोरण, शहर, संगणक या विषयांवर बोलणारे पुष्कळ झाले आहेत. यंत्रे वेगवान झाली आहेत. आमच्या मुलींना महिने लागले ते आता चहा पिता पिता होईल. मयेकरांच्या प्रास्ताविकात सरांना ‘कोकणातील या क्षेत्राचे आद्य प्रवर्तक’ म्हटले आहे. असतील. मला त्यातले कळत नाही. मला एवढे कळते की आपलेच वाक्य आपल्याविरुद्ध उभे राहिले तेव्हा त्यांनी तापाचे निमित्त काढले नाही. त्यांचा गौरव करायचा असेल, तर तो त्या दिवसाचा करावा, आणि त्या दिवशी काय घडले ते बरोबर लिहून करावा.

सर, पंचाहत्तरीबद्दल तुम्हाला नमस्कार. तुमची प्रकृती यापुढे माझ्या चार नंबरच्या यंत्रासारखी असो : रोज चालावी, आणि डॉक्टरांपुढे तिचे नाव काढायची वेळ कोणावर येऊ नये. आणि दुपारच्या उन्हात हिंडू नका. हे शेवटचे सांगते आहे.

श्री. मयेकर यांच्याकडे समितीसाठी मी पुढील गोष्टी दिल्या आहेत. पहिल्या अहवालाची मूळ प्रत, ज्यात ते वाक्य सरांनी खोडले आहे आणि समासात ‘अर्थ चुकला, माझा’ असे लिहून सही केली आहे. दुसऱ्या अहवालाची प्रत, मुलींच्या नावांसह. ठरावांच्या फ्लॉपी, पत्र्याच्या डब्यात. त्यांतल्या काही आता उघडत नाहीत, तसे डब्यावर लिहिले आहे. आणि समारंभाच्या सकाळी मोहल्ल्याजवळच्या विहिरीचे पाणी, एक तांब्या, तोंडाला फडके बांधून. तोवर हा ग्रंथ छापून झालेला असेल, म्हणून ते दिले अशी नोंद आताच करते. पाणी सरांसाठी आहे. तांब्या माझा आहे, तो परत पाठवावा.

— कुमुद शेट्ये